बर्फाळ समुद्रातलं जहाज कॉम्प्युटरवर चालवायचं तर: पहिल्या सूत्रापासून मार्गाच्या नकाशापर्यंत

नागपुरात बसून अंटार्क्टिकाच्या जहाजाचं मॉडेल करायला समुद्र लागत नाही, साधा लॅपटॉपही पुरतो. अडचण होते ती कामाच्या क्रमाची. फायनल इयरच्या प्रोजेक्टवाले बहुतेकदा थेट थ्री-डी सिम्युलेशनला हात घालतात. हजारो तुकडे तरंगताना छान दिसतात, पण परीक्षकानं ‘घर्षण किती धरलं?’ असं विचारलं की गाडी तिथेच अडते. म्हणून या लेखाचा क्रम उलटा आहे: आधी बर्फ, मग वहीतलं सूत्र, मग तुकड्यांचं सिम्युलेशन आणि शेवटी मार्ग. पहिल्या दोन पायऱ्यांत चूक राहिली तर पुढच्या दोन पायऱ्या ती फक्त सुबक रंगांत दाखवतात.

बर्फाची ताकद: आकडा कुठून आणायचा

जहाज बर्फ कापत नाही. नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, तिरका भाग बर्फाच्या कडेवर चढतो, आपल्या वजनानं तिला खाली वाकवतो आणि ती मोडते. त्यामुळे कामाची ताकद म्हणजे वाकताना मोडायची ताकद. दाबून चुरा व्हायची ताकद वेगळी असते आणि ती बरीच जास्त असते. या दोन आकड्यांची अदलाबदल ही नवख्यांची ठरलेली चूक.

समुद्री बर्फात खारं पाणी अडकलेलं असतं. बर्फ जितका ‘गरम’, तितकी ही खाऱ्या पाण्याची पोकळी मोठी आणि बर्फ तितका कमजोर. हिशेब दोन ओळींचा आहे. पहिली ओळ फ्रँकेनस्टाइन आणि गार्नर यांची (१९६७): उणे ०.५ ते उणे २२.९ अंशांपर्यंत,

खाऱ्या पाण्याचा अंश (दर हजारी) = क्षारता × (४९.१८५ ÷ तापमानाचा आकडा उणे चिन्हाशिवाय + ०.५३२)

दुसरी टिम्को आणि ओब्रायन यांची (१९९४): हा अंश हजारानं भागून त्याचं वर्गमूळ घ्या, ५.८८ नं गुणा, ई या संख्येचा तितका ऋण घात काढा आणि १.७६ नं गुणा. उत्तर मेगापास्कलमध्ये येतं.

क्षारता दर हजारी ५ असलेल्या बर्फासाठी उणे १० अंशांना ०.६७ मेगापास्कल मिळतात, उणे ५ ला ०.४६ आणि उणे २ ला जेमतेम ०.२२. म्हणजे आठ अंशांच्या फरकात ताकद एक तृतीयांशावर येते. तेव्हा ‘बर्फाची ताकद ०.५ मेगापास्कल’ असं डोळे मिटून लिहू नका. महिना कोणता, हे आधी ठरवा. शिवाय बर्फाचं तापमान वरून खाली बदलतं: वर हवेचं, तळाशी सुमारे उणे १.८. सरासरी काढताना ही दोन्ही टोकं धरायची.

फ्रीझरमधली चाचणी

आकड्यांवर विश्वास बसायला हे एकदा करून पाहाच. २४ सेंमी लांब आणि ४ सेंमी रुंद प्लास्टिकचा डबा घ्या. त्याच्या तळाला आणि बाजूंना थर्माकोल लावा, म्हणजे पाणी समुद्रासारखं वरून खाली गोठेल. २ सेंमी पाणी भरा. एका डब्यात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला ५ ग्रॅम मीठ. समुद्राचं पाणी लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास असतं, पण गोठताना बहुतेक मीठ खाली निघून जातं. डब्यात त्याला जायला वाट नसते, म्हणून मीठ आधीच कमी टाकायचं.

उणे १८ अंशांना रात्रभर ठेवा. सकाळी २० सेंमी अंतरावर दोन लोखंडी सळया आडव्या टेकवून त्यांवर बर्फाची पट्टी ठेवा. मधोमध पट्ट्यानं बादली लटकवा, जमिनीपासून चार बोटं वर. मगानं पाणी ओतत जा. मोडली की बादलीसकट वजन करा.

ताकद = ३ × भार × सळयांमधलं अंतर ÷ (२ × रुंदी × जाडीचा वर्ग)

वरच्या सूत्रांप्रमाणे साध्या पाण्याची पट्टी साडेनऊ किलोच्या आसपास मोडायला हवी आणि मिठाची साडेचार किलोच्या आसपास. तुमचे आकडे विखुरलेले येतील, कारण बुडबुडे आणि बारीक भेगा प्रत्येक पट्टीत वेगळ्या असतात. किमान पाच पट्ट्या मोडा. पट्टी फ्रीझरबाहेर काढल्यापासून एका मिनिटात काम आटपा. मे महिन्यात दुपारी हा प्रयोग केलात तर तुम्ही बर्फाची नाही, नागपूरच्या उन्हाची ताकद मोजाल.

घर्षणाचीही चाचणी करता येते. जहाजाचा रंग दिलेला लोखंडी पत्रा आणि बर्फाचा ठोकळा दोन्ही फ्रीझरमध्ये ठेवा. ठोकळा पत्र्यावर ठेवून पत्रा हळूहळू तिरपा करा. घसरायला लागतो त्या कोनाचा टॅन म्हणजे स्थितिक घर्षणांक: ५.७ अंशांना ०.१, ११.३ अंशांना ०.२. पत्रा गार नसेल तर खाली पाण्याचा पापुद्रा तयार होतो आणि घर्षण फसवं कमी येतं. दुसरा पत्रा थोडा गंजवून घ्या आणि फरक पाहा. हा फरक किती महाग पडतो ते पुढे येतंच.

वहीतलं सूत्र: लिंडक्विस्ट, १९८९

सपाट, सलग बर्फातून एकसारख्या वेगानं जाणाऱ्या जहाजाला किती रोध होतो, याचं हे सूत्र आजही पहिली पायरी म्हणून वापरलं जातं. रोधाचे तीन भाग: नाळेच्या टोकाशी बर्फाचा चुरा, वाकवून मोडणं, आणि मोडलेले तुकडे बुडाखाली दाबून सरकवणं.

खुणा अशा: ज जाडी, लां लांबी, रु रुंदी, खो पाण्याखालची खोली, ता वाकायची ताकद, घ घर्षण, यं यंग गुणांक (बर्फ किती ताठ), पॉ पॉयसन गुणोत्तर (दाबल्यावर बाजूला किती फुगतो), पा पाण्याची घनता, ब बर्फाची घनता, गु ९.८१. ‘न’ हा नाळेचा आडव्या रेषेशी कोन, ‘प’ हा जलरेषेचा जहाजाच्या मध्यरेषेशी कोन. ‘क’ असा काढायचा: टॅन क = टॅन न ÷ साइन प.

चुरा = ०.५ × ता × ज² × (टॅन न + घ × कॉस न ÷ कॉस क) ÷ (१ − घ × साइन न ÷ कॉस क)

मोड = (२७ ÷ ६४) × ता × रु × (ज चा १.५ घात) ÷ √[यं ÷ (१२ × (१ − पॉ²) × गु × पा)] × [टॅन क + घ × कॉस न ÷ (साइन प × कॉस क)] × (१ + १ ÷ कॉस क)

बुड = (पा − ब) × गु × ज × रु × { खो × (रु + खो) ÷ (रु + २ × खो) + घ × [०.७ × लां − खो ÷ टॅन न − रु ÷ (४ × टॅन प) + खो × कॉस न × कॉस क × √(१ ÷ साइन² न + १ ÷ टॅन² प)] }

एकूण = (चुरा + मोड) × (१ + १.४ × वेग ÷ √(गु × ज)) + बुड × (१ + ९.४ × वेग ÷ √(गु × लां))

पायथन ३ मध्ये देवनागरी नावंही चालतात, तेव्हा हे जवळजवळ असंच टाइप करता येईल.

तपासणीसाठी एक काल्पनिक जहाज घेऊ: लांबी १०० मीटर, रुंदी २०, खोली ७, न २५ अंश, प ३० अंश, घर्षण ०.१, ताकद ५०० किलोपास्कल, यंग गुणांक २ गिगापास्कल, पॉयसन ०.३, पाणी १०२५, बर्फ ९००, जाडी ०.८ मीटर, वेग ३ नॉट. क ४३ अंश यायला हवा. चुरा १००, मोड ६२.५ आणि बुड २२७ किलोन्यूटन. वेगाचे गुणक लावल्यावर एकूण सुमारे ६२० किलोन्यूटन. तुमच्या प्रोग्रॅमचं उत्तर याच्या दोन-तीन किलोन्यूटनांत बसत नसेल तर पुढे जाऊ नका.

न बसण्याची कारणं बहुधा हीच असतात. कॉम्प्युटरला कोन रेडियनमध्ये लागतात. २५ तसेच दिले तर टॅन उणे ०.१३ येतो आणि काही भाग ऋण निघतात. नॉटला ०.५१४ नं गुणायचं राहिलं की ६२० च्या जागी ८३७ येतात. आराखड्यात नाळेचा कोन कधी उभ्या रेषेपासून दिलेला असतो, तो ९० मधून वजा करावा लागतो. जलरेषेचा कोनही काही जण दोन्ही बाजूंचा मिळून देतात, तो अर्धा करायचा.

आता घर्षण ०.१ चं ०.२ करा, बाकी काही बदलू नका. ६२० चे ८६६ होतात. रंग खरवडला जाऊन पत्रा गंजला, एवढ्यानं रोध ४० टक्के वाढला. बहुतेक अहवालांत घर्षण एका ओळीत उरकलेलं असतं आणि ताकदीवर पानंच्या पानं असतात, याचं नवल वाटतं.

सूत्राची मर्यादाही लक्षात असू द्या. नाळ उभी होत गेली की टॅन आकाशाला भिडतो, त्यामुळे सरळ उभ्या किंवा पाण्याखाली गोळा असलेल्या नाळेला हे लावू नये. एकावर एक चढलेल्या बर्फाचे ढिगारेही यात नाहीत. बाल्टिकमधली मालवाहू जहाजं तर बर्फफोड्यानं पाडलेल्या, चुऱ्यानं भरलेल्या वाटेतून जातात. फिनलंड-स्वीडनच्या नियमांत त्यांची कसोटीच वेगळी आहे: आयए या बर्फवर्गाच्या जहाजानं १ मीटर जाडीच्या चुऱ्यातून ५ नॉट काढले पाहिजेत.

इंजिन पुरतं का

जागेवर उभं असताना जहाज किती ओढेल: शक्ती (किलोवॅट) × पंख्याचा (प्रोपेलरचा) व्यास (मीटर), या गुणाकाराचा दोन तृतीयांश घात, गुणिले ०.७८ एका पंख्याला किंवा ०.९८ दोन पंख्यांना. दोन पंखे, मिळून ८००० किलोवॅट, व्यास ४ मीटर: सुमारे ९८८ किलोन्यूटन.

चालत्या जहाजाला बर्फासाठी उरणारा जोर = तो आकडा × (१ − गु१ ÷ ३ − २ × गु१² ÷ ३). इथे गु१ म्हणजे आत्ताचा वेग भागिले मोकळ्या पाण्यातला कमाल वेग. मोकळ्या पाण्याचा रोध या सूत्रात आधीच वजा झालेला आहे. तो वेगळा धरलात तर दोनदा कापला जातो.

कमाल वेग १५ नॉट धरून दोन्ही रेषा एका आलेखावर काढा. रोधाची वर जाते, जोराची खाली येते. छेदतात तिथला वेग खरा. आपल्या जहाजाला ०.८ मीटर बर्फात ५.२ नॉट मिळतात, घर्षण ०.२ केलं तर ३.२. हेच ०.२ मीटरपासून दर २० सेंमीला करत जा, जहाज अडेपर्यंत. जाडी आणि वेगाची ही रेषा जपून ठेवा, मार्ग आखताना हीच लागणार आहे.

आता तुकडे

फुटलेल्या, तरंगत्या बर्फाला सूत्रं पुरत नाहीत. तिथे प्रत्येक तुकडा वेगळा धरणारी पद्धत वापरतात. फुकट मिळणाऱ्यांत यादे, लिग्गट्स आणि प्रोजेक्ट क्रोनो ही साधनं आहेत. पाण्याचा प्रवाह ओपनफोममध्ये सोडवून लिग्गट्सला जोडता येतो. पण जहाज सावकाश जात असेल तर आधी पाणी साधंच ठेवा: उत्प्लावन, ओढ आणि तुकड्यासोबत हलणाऱ्या पाण्याचं जादा वस्तुमान. हे जादा वस्तुमान विसरलं की तुकडे तव्यावरच्या थेंबांसारखे थरथरतात.

तुकड्यांचा आकार हवेतून आणू नका. बर्फाच्या पाटाची एक स्वाभाविक लांबी असते: यं × ज³ ÷ (१२ × (१ − पॉ²) × पा × गु) याचं चौथं मूळ. ०.८ मीटर जाडीला ती ९.८ मीटर येते. लिंडक्विस्टनं मोडलेला तुकडा तिच्या एक तृतीयांश धरला आहे, म्हणजे इथे सव्वातीन मीटरच्या जवळपास.

खरा पेच टाइमस्टेपचा, म्हणजे हिशेबातल्या वेळेच्या एका पायरीचा. तुकडा जहाजाला लागला की मॉडेलमध्ये दोघं किंचित एकमेकांत शिरतात आणि त्या शिरकावावरून बळ ठरतं. १०० किलोन्यूटनला ५ मिलिमीटर शिरकाव चालवून घेतला तर ताठपणा २ कोटी न्यूटन प्रति मीटर. ३.३ मीटरच्या चौकोनी तुकड्याचं वस्तुमान ७८०० किलो. वस्तुमान भागिले ताठपणा, त्याचं वर्गमूळ ०.०२ सेकंद, त्याचा दहावा भाग, ०.००२ सेकंद, ही सुरक्षित पायरी. ३०० सेकंदांच्या फेरीला दीड लाख पायऱ्या. पण दृश्य खरं वाटावं म्हणून अर्ध्या मीटरचे, ४० सेंमी जाडीचे तुकडे मिसळलेत की त्यांचं वस्तुमान ९० किलो, पायरी ०.०००२ आणि पायऱ्या पंधरा लाख. सगळ्यात लहान तुकडा सगळ्यांचा वेळ ठरवतो. पायरी मोठी ठेवली तर तुकडे गोळीसारखे उडतात. ते उडू नयेत म्हणून लोक अवमंदन (हालचाल शमवणारं बळ) वाढवतात आणि रोधाचा आकडा बिघडतो.

जहाज आणण्यापूर्वी दोन चाचण्या घ्या. एक तुकडा पाण्यात सोडा: ०.८ मीटर जाडीचा तुकडा ७० सेंमी बुडून १० सेंमी वर राहायला हवा. मग एक तुकडा स्थिर भिंतीवर १ मीटर प्रति सेकंदानं आदळवा आणि ऊर्जा वाढत नाही ना, ते बघा. दोन्हीत पास झाल्याशिवाय जहाजाची फाइल उघडू नये.

सलग बर्फ मोडणारं मॉडेल हवं असेल तर नाळेचे छोटे पट्टे करून प्रत्येक पायरीला बर्फाच्या कडेशी संपर्क तपासतात. संपर्काचं क्षेत्रफळ गुणिले चुरा व्हायची ताकद म्हणजे बळ. त्याचा उभा भाग कडेच्या पाचरीसारख्या बर्फाच्या वहनक्षमतेपेक्षा जास्त झाला की तुकडा मोडतो. ही क्षमता ताकद आणि जाडीच्या वर्गाबरोबर वाढते. वेग वाढला की मोडणारा तुकडा लहान होतो, हे मॉडेलमध्ये घातलंच पाहिजे. नाही तर सगळ्या वेगांना एकाच मापाचे तुकडे पडतात.

सिम्युलेशनमधली बर्फाची पट्टी अरुंद ठेवली तर तुकडे कडांना अडकून कोंडी होते आणि रोध फुगतो. रुंदी दुप्पट करून उत्तर बदलतं का पाहा. बदलत असेल तर अजून वाढवा. पहिल्या जहाजलांबीएवढी फेरी टाकून द्या, पुढच्या तीन लांब्यांची सरासरी घ्या आणि तुकड्यांची मांडणी बदलून किमान पाच वेळा चालवा. एकाच फेरीवरचा निष्कर्ष म्हणजे एकदा नाणं उडवून काढलेली टक्केवारी.

उन्हाळ्यातलं वेगळं सांगायला हवं. खोली चाळिशीवर गेली की ग्राफिक्स कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि आठ तासांची फेरी बारा तासांवर जाते. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका, दमट हवा आणि धूळ दोन्ही आत जातात. मोठ्या फेऱ्या रात्री लावा आणि दर पंधरा मिनिटांनी स्थिती फाइलमध्ये साठवा. वळवाच्या वादळात लाइट गेली तर पंधरा मिनिटांचंच काम जाईल.

मार्ग आखताना

सरावाला केप टाउन ते भारती हा मार्ग घ्या. २०१२ मध्ये सुरू झालेलं हे आपलं अंटार्क्टिकातलं स्थानक लार्समन टेकड्यांत आहे. किनाऱ्याजवळ घट्ट चिकटलेला बर्फ लागतो, म्हणजे मॉडेलची खरी परीक्षा होते.

समुद्राची जाळी अक्षांश-रेखांशांवर टाकू नका. ७० अंशांवर एक रेखांश ३८ किलोमीटरचा उरतो, त्यामुळे चौकोन अरुंद होतात आणि मार्ग शोधणारा प्रोग्रॅम फसतो. ध्रुवीय प्रक्षेपण वापरा: दक्षिणेला ईपीएसजी (नकाशा-प्रक्षेपणांची क्रमांक यादी) ३०३१, उत्तरेला ३४१३. एएमएसआर-२ या उपग्रहावरच्या संवेदकाची बर्फाची दाटी ६.२५ किलोमीटरच्या जाळीवर मिळते. मात्र आर्क्टिकच्या उन्हाळ्यात बर्फावर साचलेली डबकी या संवेदकाला मोकळं पाणी वाटतात आणि दाटी खरीपेक्षा कमी दिसते. तिथे रडारची प्रतिमा शेजारी ठेवून बघावी.

प्रत्येक चौकोनात जाडी-वेगाच्या रेषेवरून वेग, त्यावरून वेळ आणि मग ए-स्टार पद्धतीनं सगळ्यात कमी वेळाचा मार्ग. त्यावर जोखमीची चाळणी हवी. १ जानेवारी २०१७ पासून पोलर कोड (ध्रुवीय समुद्रातल्या जहाजांचे आंतरराष्ट्रीय नियम) लागू आहे आणि त्यासोबत पोलारिस ही गुणपद्धत वापरतात. प्रत्येक प्रकारच्या बर्फाची दशांशातली दाटी गुणिले त्या जहाजवर्गाचा गुण, सगळ्यांची बेरीज. समजा तीन दशांश मोकळं पाणी, गुण ३. सात दशांश जाड बर्फ, तक्त्यातला गुण उणे २. बेरीज ९ − १४ = उणे ५. पीसी-१ (सगळ्यात मजबूत) ते पीसी-७ या ध्रुवीय वर्गांच्या जहाजांना शून्य ते उणे दहा म्हणजे वाढीव जोखीम: जाता येतं, पण वेग कमी ठेवून. त्याखालचे चौकोन सरळ बंद करा. वारा बर्फ एकत्र दाबत असेल तर जहाज कागदावर चालतं आणि प्रत्यक्षात अडकतं. वाऱ्याची दिशा किनाऱ्याकडे असलेले चौकोन निदान वेगळ्या रंगात दाखवा.

ताळा

ताळ्याला प्रत्यक्ष समुद्रातली मोजमापं हवीत. दक्षिण आफ्रिकेच्या एसए अगुल्हास-२ या २०१२ साली तयार झालेल्या पीसी-५ जहाजावर शाफ्टचा पीळ आणि पत्र्यावरचा ताण मोजणारी यंत्रणा बसवलेली आहे आणि त्यावर आधारित शोधनिबंध प्रसिद्ध आहेत. अशा जहाजाची मापं मॉडेलमध्ये घाला. उत्तर जुळलं नाही तर तपासाचा क्रम असा ठेवा: आधी बर्फाची जाडी कशी मोजली होती ते (जहाजाच्या ब्रिजवरून डोळ्यांनी, की यंत्रानं), मग घर्षण, मग पंख्याचा जोर. ताकदीचा आकडा फिरवून उत्तर जुळवणं सगळ्यात सोपं असतं, म्हणूनच त्याला सगळ्यात शेवटी हात लावा, आणि लावलात तर तो आकडा कोणत्या तापमानाला आणि क्षारतेला बसतो ते वरच्या दोन ओळींनी उलटं काढून पाहा. उणे २ अंशांच्या बर्फाला ०.६७ मेगापास्कल द्यावे लागत असतील, तर चूक दुसरीकडे आहे.